वायरलेस गेम कंट्रोलर लिनक्स संगणकाला कसा जोडायचा? – पालक आणि शिक्षकांसाठी एक पाठ



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत एक प्रश्न पडून आहे. सात-आठ वर्षं जुना, पण अजून धडधाकट लॅपटॉप कपाटात आहे. विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. मग काय करायचं, भंगारात द्यायचा? काही पालक हिंमत करून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकतात. लॅपटॉप पुन्हा पळायला लागतो. मराठी टायपिंग होतं, व्हिडिओ दिसतात, शाळेचे प्रकल्प होतात. आणि मग आठवड्याभरात मुलाचा प्रश्न येतो : "बाबा, दादाचा वायरलेस कंट्रोलर याला जोडता येईल का?"

बहुतेक घरांत उत्तर तयार असतं, "लिनक्सवर ते नसतं होत." हे उत्तर चुकीचं आहे आणि महागही पडतं. मुलाच्या दृष्टीने तो लॅपटॉप त्या क्षणी 'डब्बा' ठरतो आणि नवीन मशीनचा हट्ट सुरू होतो. दुसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते. मूल गप्प बसत नाही, इंटरनेटवर शोधतं, आणि कुठल्याशा अनोळखी माणसाने लिहिलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवत सुटतं. त्यातल्या अर्ध्याअधिक आज्ञांच्या सुरुवातीला 'सुडो' असतं, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार देऊन काम करून घेणं. घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देण्यासारखंच आहे ते. म्हणून हा पाठ. यात 'सुडो' एकदाही लागणार नाही.

(घरात या वस्तूला कुणी रिमोट म्हणतं, कुणी जॉयस्टिक, कुणी गेमपॅड. आपण कंट्रोलर म्हणू.)

आधी समजून घेऊ : बटण दाबल्यावर काय होतं?

डोंबिवलीहून ठाण्याला निघालेला पाहुणा वेळेवर पोहोचला नाही, तर आपण काय विचारतो? घरातून निघाला का? गाडी मिळाली का? ठाण्याला उतरला का? स्टेशनबाहेर रिक्षा मिळाली का? हेच प्रश्न, याच क्रमाने. घरातून निघालाच नसेल तर रिक्षावाल्याला दोष देऊन उपयोग नाही.

कंट्रोलरच्या बटणाचा प्रवासही असाच चार टप्प्यांचा. कंट्रोलर जागा झाला आणि संदेश निघाला. रेडिओ लहरींवरून तो संगणकापर्यंत आला. लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, ड्रायव्हरने तो ओळखला आणि 'हे अमुक बटण' असं म्हटलं. आणि शेवटी खेळाने ते ऐकलं. "कंट्रोलर चालत नाही" असं मूल म्हणालं की त्याला एकच विचारा : "कुठपर्यंत पोहोचलं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय लागली तर पुढे प्रिंटर, माईक, प्रोजेक्टर यांच्यापुढेही मूल हतबल होत नाही.

खोक्यावरचा 'वायरलेस' हा शब्द पुरेसा नाही

खरेदीपूर्वी हे वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. लॅमिंग्टन रोडला जा, उल्हासनगरच्या बाजारात जा किंवा ऑनलाइन मागवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'वायरलेस' एवढंच लिहिलेलं असतं. पण त्यात निदान तीन जाती आहेत.

पहिली, ब्लूटूथवाली. सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि ५ चा कंट्रोलर आणि निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर यात येतात. दुसरी, खोक्यातच बोटाच्या पेराएवढं यूएसबी डोंगल देणारी. ते डोंगल संगणकाला लावलं की झालं, ब्लूटूथची गरजच नाही. लॉजिटेकचा एफ७१० याच प्रकारचा. त्याच्यावर 'एक्स' आणि 'डी' अशी एक सरकती कळ असते. लिनक्सवर ती 'एक्स'कडे ठेवली की संगणक त्याला एक्सबॉक्सचा कंट्रोलर समजतो आणि बहुतेक खेळ लगेच ओळखतात. घरात पहिल्यांदाच कंट्रोलर घेत असाल, लहान मुलांसाठी घेत असाल, तर माझं मत डोंगलवाल्यालाच. भानगड कमी.

तिसरी जात फसवी आहे. एक्सबॉक्सचे जुने वायरलेस कंट्रोलर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतात, ब्लूटूथने नाही. एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरला ब्लूटूथ नाहीच. एक्सबॉक्स वनचे सुरुवातीचे कंट्रोलरही तसेच. सेकंडहँड घेताना ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक पाहा. ते कंट्रोलरच्या पुढच्या अंगाचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या कडेच्या बटणांच्या पट्टीचा भाग असेल, वेगळा तुकडा जोडल्यासारखं दिसत असेल, तर ब्लूटूथ नाही. दुकानदार काहीही सांगो.

आणि स्वस्तातली नक्कल. हुबेहूब प्लेस्टेशन ४ सारखा दिसणारा कंट्रोलर अगदी कमी पैशांत मिळतो. काही नकला चालतात, काही जोडल्या जाऊनही बटणं भलतीच दाखवतात. परत घेण्याची हमी असेल तरच घ्या, आणि लॅपटॉप सोबत नेऊन दुकानातच जोडून पाहा.

आता जोडूया

संगणकात ब्लूटूथ आहे का ते आधी पाहा. लॅपटॉपमध्ये सहसा असतं, जुन्या डेस्कटॉपमध्ये सहसा नसतं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचं पान उघडलं आणि तिथे 'ॲडॉप्टर सापडला नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर वेगळा यूएसबी ब्लूटूथ ॲडॉप्टर लागेल. कधी कधी ब्लूटूथ असतं पण विमानाचं चित्र असलेली की चुकून दाबली गेलेली असते. तेही बघा.

मग कंट्रोलर 'ओळख करून देण्याच्या' अवस्थेत न्यायचा. नुसतं चालू करणं आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं इथेच अडकतात. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर 'शेअर' आणि मधलं 'पीएस' ही दोन बटणं एकत्र, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. प्लेस्टेशन ५ ला 'शेअर'च्या जागी 'क्रिएट' बटण आहे. ब्लूटूथवाल्या एक्सबॉक्स कंट्रोलरला आधी चालू करून वरच्या कडेचं छोटं बटण तीन सेकंद दाबा. स्विच प्रोला चार्जिंगच्या छिद्राजवळ छोटं गोल बटण आहे.

दिवा लुकलुकत असतानाच ब्लूटूथच्या पानावर नाव दिसेल. प्लेस्टेशन ४ चा नुसता 'वायरलेस कंट्रोलर' म्हणून दिसतो, कंपनीचं नाव नसतं, म्हणून गोंधळू नका. नावावर क्लिक केलं की जोडणी. दहातल्या बहुतेक वेळा काम इथे संपतं.

नाही संपलं तर टर्मिनल उघडा आणि 'ब्लूटूथ' या शब्दाला जोडूनच 'सीटीएल' ही तीन अक्षरं, सगळी छोट्या इंग्रजी लिपीत, टाइप करा. हे ब्लूटूथचं काउंटर समजा. इथे 'स्कॅन ऑन' लिहिलं की आसपासच्या उपकरणांचे पत्ते दिसू लागतात. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये अपूर्णविरामाची चिन्हं. आपल्या कंट्रोलरचा पत्ता शोधा आणि त्या पत्त्यासह तीन आज्ञा द्या : 'पेअर', 'ट्रस्ट', 'कनेक्ट'. पत्ता पूर्ण टाइप करायची गरज नाही, पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब की दाबा.

या तीन शब्दांवर जरा थांबू, कारण सेटिंग्जच्या पानावर ते एकाच क्लिकमागे लपलेले असतात. 'पेअर' म्हणजे ओळख. दोन्ही उपकरणं एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्याकडे ठेवतात. 'कनेक्ट' म्हणजे आत्ताची भेट. आणि 'ट्रस्ट' म्हणजे पुढच्या वेळी न विचारता आत येण्याची परवानगी. सोसायटीच्या गेटवर रोजच्या दूधवाल्याला वहीत सही करावी लागत नाही, तसं. "काल चालत होता, आज पुन्हा जोडावा लागतो" ही तक्रार बहुतेक वेळा हा मधला शब्द राहिल्यामुळे येते. ट्रस्ट दिला की दुसऱ्या दिवशी नुसतं पीएस बटण दाबायचं, कंट्रोलर स्वतःच संगणकाला शोधतो.

गाडी मिळते, पण मध्येच अडकते

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. जुनं वायफाय त्याच पट्ट्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. डोंबिवलीतल्या एखाद्या दाटीच्या इमारतीत संध्याकाळी वायफायची यादी उघडून मुलांना नावं मोजायला सांगा, म्हणजे त्या पट्ट्यात सकाळच्या ८:१० च्या लोकलसारखी गर्दी का असते ते कळेल. ब्लूटूथ यावर एक युक्ती करतं. आपल्या पट्ट्याचे ते ७९ भाग करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारतं. जिथे गर्दी आहे ते भाग टाळायलाही शिकतं. तरीही कधी बटण उशिरा पोहोचतं, कधी जोडणी तुटते.

उपाय साधे आहेत. घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. संगणक आणि खेळणारा यांच्यात लोखंडी कपाट किंवा माणूस येऊ देऊ नका. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं आहे आणि पाणी या लहरी शोषून घेतं. आणि डोंगल किंवा ॲडॉप्टर निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, छिद्रात असेल तर तिथून काढा. यूएसबी ३ च्या उपकरणांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर फरक लगेच जाणवतो. हातभर लांबीची यूएसबी वायर घेऊन डोंगल थोडं दूर न्यावं.

ठाण्याला उतरला का?

प्लेस्टेशनचा कंट्रोलर असेल तर एक झटपट परीक्षा आहे. त्याच्या मधल्या सपाट पट्टीवर बोट फिरवा. पडद्यावरचा बाण हलला? म्हणजे पहिले तिन्ही टप्पे पार झाले. लिनक्स त्या पट्टीला लॅपटॉपच्या टचपॅडसारखंच वागवतं.

इतर कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'जेएसटेस्ट-जीटीके' नावाचा छोटा प्रोग्राम घ्या. त्यात प्रत्येक बटण आणि दोन्ही दांड्यांच्या स्थिती आकड्यांत दिसतात. गणिताच्या शिक्षकांनो, हा पडदा वर्गात जरूर दाखवा. दांडी पूर्ण उजवीकडे : ३२७६७. पूर्ण डावीकडे : उणे ३२७६७. मध्ये : शून्याच्या आसपास. सहावीचं पूर्णांक संख्यांचं प्रकरण हातात धरता येतं. आता दांडी वर करा. आकडा उणे येतो! नववीच्या निर्देशक भूमितीत वरची दिशा धन असते, इथे उलटी. कारण पडद्यावरच्या ओळी वरून खाली मोजायची जुनी पद्धत. हे मुलांनाच शोधू द्या, उत्तर सांगू नका.

हुशार मूल आणखी एक गोष्ट पकडतं : दांडी सोडल्यावर आकडा नेहमी अगदी शून्य होत नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये दांडीखाली जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तसा फिरता रोधक असतो. तो झिजला की हात न लावताही खेळातली गाडी एका बाजूला ओढली जाते. सेकंडहँड कंट्रोलर घेताना हाच पडदा उघडून बघा, दुकानदाराशी घासाघीस करायला उपयोगी पडतो.

पडद्यावर काहीच येत नसेल, पण ब्लूटूथ 'जोडलेलं' दाखवत असेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा. इथे लिनक्स विंडोजपेक्षा वेगळं पडतं. ड्रायव्हरची सीडी नाही, वेबसाइटवरून डाउनलोड नाही. ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. म्हणून कर्नल किती जुनं आहे याला महत्त्व. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सोनीने स्वतः लिहून दिला आणि तो २०२१ मध्ये कर्नल ५.१२ मध्ये आला. निन्टेन्डोचा ड्रायव्हर जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये. आता बघा, उबुंटू २०.०४ आलं ते ५.४ घेऊन आणि २२.०४ आलं ते ५.१५ घेऊन. कुणीतरी जुन्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकून दिलं असेल आणि नंतर कधी अपडेट केलं नसेल, तर नवा कंट्रोलर न ओळखण्यात नवल काही नाही. सिस्टीमच्या माहितीच्या पानावर कर्नलचा आकडा पाहा आणि अपडेट मॅनेजर चालवा. इंटरनेटवरच्या आज्ञा चिकटवण्याआधी हे.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडला जाऊन पुन्हा पुन्हा सुटत असेल तर दोष बऱ्याचदा त्याच्या आतल्या जुन्या फर्मवेअरचा. ते अपडेट करायला विंडोज संगणक किंवा एक्सबॉक्स लागतो. शेजाऱ्यांकडे पाच मिनिटांचं काम.

लिनक्सच्या लेखी बटण म्हणजे बटण

२००७ साली आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, खैराट नावाच्या छोट्या गावच्या शाळेत, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. भारतातला तो या प्रकल्पाचा पहिला प्रयोग. ते लॅपटॉप लिनक्सवर चालायचे. आणि त्यांच्या पडद्याच्या डाव्या बाजूला चार दिशांचं बटण होतं, उजव्या बाजूला चार गोल बटणं. अगदी गेम कंट्रोलरसारखी! पडदा उलटा करून दुमडला की कीबोर्ड झाकला जायचा आणि मूल त्या बटणांनी पान उलटायचं, वाचायचं, खेळायचं. आतून ती बटणं लिनक्सला कीबोर्डवरच्या आकड्यांच्या कळांसारखीच दिसायची. मराठी शाळेतली मुलं लिनक्स संगणकावर गेमची बटणं दाबत होती, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणकही नव्हता.

हे सांगायचं कारण असं की बटणाचा अर्थ आपण ठरवू शकतो. 'अँटीमायक्रोएक्स' नावाचा मोफत प्रोग्राम कंट्रोलरच्या कोणत्याही बटणाला कीबोर्डची कोणतीही कळ किंवा माउसची हालचाल जोडून देतो. मुलाने स्क्रॅचमध्ये बाणाच्या कळांवर चालणारा खेळ बनवला असेल, तर चार दिशांच्या बटणांना बाणाच्या कळा जोडा. स्वतः बनवलेला खेळ कंट्रोलरवर चालताना पाहिलेल्या मुलाचा चेहरा एकदा बघाच.

कल्याणमधल्या एका विद्यार्थ्याला बोटांच्या अशक्तपणामुळे माउस धरता येत नाही. माउस हलवून त्याच वेळी क्लिक करणं त्याला जमत नाही. त्याच्या आईने कंट्रोलर उशीवर ठेवला, डावी दांडी माउसच्या हालचालीला जोडली आणि मागचं मोठं बटण क्लिकला. दांडी तळव्याने ढकलली तरी चालते. तो आता चित्रं स्वतः रंगवतो, व्हिडिओ स्वतः थांबवतो आणि पुढे नेतो. खास गरजा असलेल्या मुलांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये वेगळा कंट्रोलर काढला आहे, पण तो महाग. घरात पडलेल्या कंट्रोलरने सुरुवात करून बघायला काय हरकत आहे?

शेवटचा टप्पा : खेळ

जेएसटेस्टमध्ये सगळं दिसतंय पण खेळात काही होत नाही, असं झालं तर संगणक निर्दोष आहे. आधी त्या खेळाच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलर निवडावा लागतो का ते पाहा. आणि खेळ सुरू करण्यापूर्वी कंट्रोलर जोडा. काही खेळ सुरुवातीलाच एकदा बघतात, नंतर नाही. मुलांबरोबर पहिल्यांदा करून बघायला 'सुपरटक्सकार्ट' घ्या. मोफत आहे, हिंसा नाही, कंट्रोलर ओळखतो आणि पडदा विभागून दोन भावंडं एकाच लॅपटॉपवर शर्यत लावू शकतात. स्टीम वापरत असाल तर त्यात कंट्रोलरची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे.

मुलांना खोटी आशा मात्र दाखवू नका. 'व्हॅलोरंट'सारखे काही ऑनलाइन खेळ त्यांच्या फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे लिनक्सवर चालतच नाहीत. तिथे कंट्रोलरशी झटापट करण्यात रविवार घालवू नये. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लिनक्सवर छान चालते, पण ती मुळातच कीबोर्ड-माउससाठी आहे. तिथेही अँटीमायक्रोएक्स कामी येतं.

राहिली केबलची गोष्ट. ब्लूटूथ अजिबात दाद देत नसेल तर कंट्रोलर चार्जिंगच्या वायरने सरळ जोडा, बहुतेक कंट्रोलर तसेही चालतात. पण नुसतं चार्जिंग करणाऱ्या, आत डेटाच्या तारा नसलेल्या केबल बाजारात भरपूर आहेत. दिवा लागतो, चार्ज होतो, संगणकाला मात्र काहीच दिसत नाही. मोबाइलमधले फोटो ज्या केबलने संगणकात उतरतात, ती केबल घ्या.

आणि कंट्रोलर ठाण्याच्या मावसभावाचा, त्याच्या प्लेस्टेशन ४ चा असेल, तर आणण्यापूर्वीच त्याला सांगून ठेवा : हा कंट्रोलर ब्लूटूथवर एका वेळी एकच घर लक्षात ठेवतो. तुमच्या लॅपटॉपशी ओळख झाली की तो त्याच्या प्लेस्टेशनला विसरतो. परत दिल्यावर त्याने एकदा तो केबलने प्लेस्टेशनला जोडून पीएस बटण दाबायचं, जुनी ओळख परत होते. तुम्हीही आपल्या लॅपटॉपच्या यादीतून त्याचं नाव काढून टाका. आणि परत देताना ती डेटावाली केबल सोबत द्या.